पोथी ऐकण्याची शिस्त

छापखाना येण्यापूर्वीची एखादी मराठी पोथी उघडली की आजचा वाचक पहिल्याच पानावर अडखळतो. सुटी आडवी पाने, वरखाली लाकडी फळ्या, भोवती कापडी बासन. आणि पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेली अक्षरे. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, परिच्छेद नसतो, स्वल्पविराम नसतो. ओवी कुठे संपली ते दंडावरून आणि आकड्यावरून कळते, तेवढेच. अशी ओळ नुसत्या डोळ्यांनी भरभर पुढे सरकत नाही. ती तोंडाने म्हणावी लागते. म्हणू लागले की शब्द आपोआप सुटे होतात. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हे त्या पानाच्या मांडणीतच ठरलेले होते. ऑडिओबुकांविषयी मराठीत जे बोलले जाते त्यात या पानाची आठवण क्वचितच होते. अभिजात ग्रंथ किंवा इतिहास कानाने ऐकणे ही वाचनातली पळवाट आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. आपली परंपरा मुळात ऐकण्याचीच होती, मग यात नवे काय, असे म्हणून निश्चिंत होणारेही आहेत. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. मराठी समाजाने आपले थोर वाङ्मय आणि आपला इतिहास शतकानुशतके कानाने घेतला हे खरे. पण त्या ऐकण्याला एक पक्की व्यवस्था होती. ग्रंथ पुरता ऐकायचा, रोजचा वाटा ठरलेला, वाचणारा समोर बसलेला आणि शंका आली तर विचारायची सोय. आजच्या ऐकण्याची परीक्षा करायची तर कान की डोळा हा वाद सोडून द्यावा, आणि त्या व्यवस्थेतले काय टिकले, काय गेले ते पाहावे.

मुळात ग्रंथच ऐकण्यासाठी रचले जात होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे पुरी झाली. ज्ञानदेव निरूपण करीत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. त्यामुळे सुमारे नऊ हजार ओव्यांत समोरच्या श्रोत्यांची चाहूल सारखी लागते. त्यांची क्षमा मागितली जाते, त्यांचे अवधान मागितले जाते, निवृत्तिनाथ मध्येच सूचना करतात, विषय लांबला तर तो आवरता घेतला जातो. हा नुसता अलंकार मानला तरी लिहिणाऱ्याच्या मनात कोणते चित्र होते ते त्यातून कळतेच. ओवीची घडणही कानासाठीच आहे. पहिल्या तीन चरणांना यमकाची गाठ आणि चौथा चरण आखूड, त्यामुळे वाचणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याला अर्थ पोटात घालायला. महानुभावांचे लीळाचरित्र त्याच्याही काही वर्षे आधीचे. चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून म्हाइंभटाने ते सिद्ध केले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले. आज त्याचे निरनिराळे पाठ सापडतात त्याचे कारण हेच. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ कानांवर एकदा नव्हे, दोनदा विसंबून राहिला, याचे मोल आपण पुरेसे केलेले नाही.

अठराव्या शतकात या व्यवस्थेला भरती आली. श्रीधराचे हरिविजय १७०२ चे, रामविजय त्याच्या पुढच्या वर्षीचे, पांडवप्रताप १७१२ चे आणि शिवलीलामृत १७१८ चे. गावोगाव सर्वांत जास्त वाचले गेलेले मराठी ग्रंथ कोणते, तर हेच. त्यांचे अध्याय बारकाईने पाहिले की त्यांची आखणी कळते. एक अध्याय एका बैठकीत होतो. आरंभी आदल्या अध्यायात काय झाले त्याची आठवण करून दिलेली असते, कारण काल कोणी शेतात अडकलेला असतो, कोणाच्या घरी पाहुणे असतात. युद्ध असो की स्वयंवर, प्रसंग अशा ठिकाणी थांबतो की उद्या यावेसे वाटावे. पांडवप्रतापाचे ६४ अध्याय, रामविजयाचे ४०, हरिविजयाचे ३६. आषाढी एकादशीला पोथी लावली की चातुर्मासात यांतला कोणताही ग्रंथ सावकाश पुरा होतो. शेतकऱ्याचे वर्ष, पावसाचे दिवस आणि ग्रंथाची लांबी यांचा असा मेळ बसवलेला दुसरा वाङ्मयप्रकार मराठीत नाही.

हे वाचन करणारा पुराणिक म्हणजे एक रीतसर व्यवसाय होता. देवळात किंवा वाड्याच्या सोप्यावर चौरंग मांडून पुराणिकबुवा बसत. ओवी किंवा श्लोक म्हणायचा, अर्थ सांगायचा, दृष्टांत द्यायचा, मग पुढे जायचे. समाप्तीच्या दिवशी शिधा, धोतरजोडी, दक्षिणा. मोठ्या घराण्यांकडे पुराणिक नेमलेलेच असत. मोरोपंत बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते ते याच नात्याने. ज्यांच्या आर्या आपण पंडिती कवितेचा नमुना म्हणून अभ्यासक्रमात पाहतो, त्या मोरोपंतांचा रोजचा धंदा ग्रंथ वाचून दाखवण्याचा होता. हरिदासांची कीर्तने ही या झाडाची दुसरी फांदी. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, आणि मध्ये श्रोत्यांना ताजेतवाने करायला नामाचा गजर; दोन-तीन तास माणसांना एका विषयावर धरून कसे ठेवावे याचे हे शास्त्रच होते.

ऐकणाऱ्यावरही जबाबदारी होती. समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणाने केली आणि पुढे सातव्या दशकात श्रवणावर आणखी दोन समास दिले. काय ऐकावे याची त्यांची यादी धर्मकथेपुरती थांबत नाही, ती कितीतरी विषयांवरून फिरते. आणि ऐकलेल्यातले सार घ्यावे, असार ओळखून टाकावे, अशी अटही आहे. हेच समर्थ एकोणिसाव्या दशकात बरू, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांवर एक अख्खा समास लिहितात. त्यांना लिहिणे आणि ऐकणे ही एकमेकांशी भांडणारी साधने वाटली नाहीत. दोन्ही शिकावी लागतात, दोन्हींत हयगय होऊ शकते, म्हणून दोन्हींचे नियम सांगायला हवेत, एवढेच त्यांच्या दृष्टीने होते. आजच्या वादातल्या दोन्ही पक्षांनी हे समास शेजारी ठेवून वाचावेत.

इतिहासाचीही हीच गोष्ट. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकालाचा जवळचा साक्षीदार. तो दोनशे वर्षांहून जास्त काळ गोंधळ्यांच्या कंठातून आला. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून मिळवून असे पोवाडे १८९१ साली छापले, तेव्हा कुठे ते डोळ्यांपुढे आले. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. एका पुत्राला पित्याचे चरित्र हवे होते म्हणून पदरच्या वृद्ध माणसाने ते सांगितले, आणि त्या गद्याची लय आजही सांगणाऱ्याचीच आहे. छोटी वाक्ये, क्रियापदावर ठामपणे येऊन थांबणारी. पानिपतावरच्या भाऊसाहेबांच्या बखरीत तर काही ठिकाणी मजकूर मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. आणि ज्याला आपण अस्सल कागद म्हणतो, तो पत्रव्यवहारसुद्धा याला अपवाद नाही. धनी सांगत, कारकून लिहीत. पत्र पोचले की दुसऱ्या टोकाचा कारकून ते वाचून दाखवी. बाळाजी आवजी चिटणिसांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला सवड झाली नव्हती, आणि विचारणा झाल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावरून ते अस्खलित वाचून दाखवले. गोष्ट घडली असो वा नसो, ती रचली आणि टिकली, यावरून त्या काळच्या दरबारात पत्र ही ऐकण्याची वस्तू होती हे स्पष्ट होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोकांना अक्षरओळख नव्हती म्हणून ते ऐकत होते. आता ती अडचण उरली नाही, मग ऐकण्याचे कौतुक कशाला? अक्षरओळखीचा मुद्दा खोटा नाही. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते आणि स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत एकही नव्हते. पण निरक्षरता हे ऐकण्याचे एकमेव कारण असते, तर साक्षरांनी ते सोडून दिले असते. तसे झाले नाही. पुराणिक ठेवणारी घराणी लिहिता-वाचता येणारी होती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले आणि पुढच्या काही दशकांत ज्ञानेश्वरीपासून शिवलीलामृतापर्यंत सगळे छापून निघाले. त्याचा परिणाम असा झाला की घरोघर पोथी आली आणि घरोघर ती मोठ्याने वाचली जाऊ लागली. छापखानेवाल्यांनी तर कितीतरी वर्षे पोथ्या त्याच आडव्या, सुट्या पानांच्या आकारात छापल्या, कारण गिऱ्हाइकाला ती चौरंगावर ठेवून वाचायची होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले आणि त्यातून कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येऊ लागल्या, तेव्हा घरात एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे ही रीत त्यांना आयती मिळाली. गावच्या चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवणारा मास्तर किंवा पाटील हा पुराणिकाचाच वारस. आणि १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा ऐकणारे श्रोते काही अडाणी नव्हते. गदिमांची गीते, सुधीर फडक्यांच्या चाली, सीताकांत लाड यांची योजना. आठवड्याला एक गीत, तेच पुन्हा ऐकवायचे, आणि मध्ये अधिक महिना आल्यामुळे ५२ च्या जागी ५६ गीतांवर गेलेली मालिका. एक कथा वर्षभर, ठरल्या वेळी, ठरल्या वाट्याने ऐकायची, ही चातुर्मासाची रीतच रेडिओने उचलली होती. साक्षर महाराष्ट्राने ती मनापासून स्वीकारली.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ऐकणारा सुस्त असतो. हात दुसऱ्या कामात, लक्ष तिसरीकडे. वाचनात जो कस लागतो तो इथे लागत नाही. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, फिरायला जाताना ज्ञानेश्वरी किंवा मराठ्यांचा इतिहास ऐकणाऱ्यांवर हा ठपका नेहमी येतो. पण देवळातल्या दुपारच्या पुराणाला बसलेल्या बायका काय करीत होत्या? मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होत्या. सवयीचे काम हाताला असले की मन उलट स्थिर राहते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आणि त्या सुस्त नव्हत्या याचा पुरावा लेखी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर गेल्या. त्यांत रामकथा आहे, पंढरी आहे, पण ती पुराणिकाने सांगितली तशी नाही. सीतेचा वनवास तिथे दळणाऱ्या बाईच्या सासुरवासाशी जोडलेला आहे. पुराणात जिथे सीता गप्प आहे तिथे ओवी बोलते. ऐकलेले पचवून, त्याच्याशी भांडून, त्यातून नवे रचण्याचे हे काम आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, दळताना-कांडताना त्यांना सुचलेली गाणी सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी कागदावर टिपली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. कथा-कीर्तने कानांनी ऐकलेल्या त्या बाईची मराठी आज विद्यापीठांत शिकवली जाते. ऐकणे सुस्त की जागे, हे ऐकणाऱ्यावर ठरते. पुस्तकाची पाने नुसती उलटणारे वाचकही आपण सगळे पाहतोच.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते, आणि तो जोतीराव फुल्यांचा आहे. ऐकणारा वाचणाऱ्याच्या स्वाधीन असतो. पोथीत काय आहे ते पुराणिक सांगेल तेच. तो काय गाळतो, काय घुसडतो, दक्षिणेसाठी कुठला अर्थ लावतो, हे तपासायचे साधन श्रोत्याच्या हाती नाही. १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशीबुवा एका कुणबी जोडप्याला कसे नागवतो ते फुल्यांनी प्रसंगागणिक दाखवले, आणि त्यावरचा उपाय म्हणून शाळेचे दार दाखवले. वेद ऐकण्याचा अधिकारच ज्यांना नाकारला होता, पुराणालाही देवळाबाहेर उभे राहून जे ऐकू येईल त्यावर ज्यांनी समाधान मानावे अशी अपेक्षा होती, त्यांच्यासाठी श्रवणपरंपरेचा अभिमान हा विषय तितका सोपा नाही. परंपरेचे गोडवे गाताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण फुले स्वतः कान सोडून गेले नाहीत, हेही तितकेच लक्षात घ्यायला हवे. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले ते पोवाड्यात, आणि कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावे म्हणून साध्या भाषेत. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग धरला. ज्यांच्यापर्यंत पुस्तक पोचत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार गेला तो डफ-ढोलकीच्या साथीने, ऐकण्याच्याच वाटेने. फुल्यांचा रोख वाचणाऱ्याच्या मक्तेदारीवर होता. ती मोडायची तर वाचणारे अनेक हवेत आणि मूळ ग्रंथ ज्याला हवा त्याच्या हाताशी हवा. ही अट आज पुरी होऊ शकते. तेव्हा ती पुरी न करण्याला आज सबब राहत नाही.

चौथा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली, वाईला सापडलेली पत्रे होती. प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झडती घेतली. तिथी चुकलेल्या, माणसे हुकलेली, आकडे फुगलेले. त्या दिवसापासून मराठी इतिहास तळटीप, तारीख आणि मूळ कागद यांच्या पायावर उभा आहे. तळटीप कानाला ऐकवता येत नाही, दोन पत्रांच्या तारखा ताडून पाहायच्या तर पाने मागेपुढे करावीच लागतात. म्हणून संशोधनाचे काम कानाने होणार नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो. साधनांचे खंड, शकावल्या, वंशावळी यांची ध्वनिमुद्रणे करण्यात अर्थ नाही. पण इतिहास म्हणजे पुराव्याची छाननी तशी सलग कथाही, आणि कथा समजायला कान पुरेपूर लायक आहे. गो. स. सरदेसायांनी मुसलमानी रियासत १८९८ मध्ये आणि मराठी रियासतीचा आरंभ १९०२ मध्ये केला. त्यांच्या लिखाणात शिकवणाऱ्याचा सूर आहे, बडोद्याच्या राजपुत्रांना इतिहास शिकवताना घडलेला. ती कथा ऐकण्यासारखी आहे. पानिपतच्या आधीच्या घडामोडी, पैशांची ओढाताण, गोविंदपंत बुंदेल्यांकडे वसुलीसाठी होणारे तगादे, हे सगळे क्रमाने आणि संथपणे कानांवर पडले तर पराभवाची कारणे एखाद्या परीक्षेच्या पुस्तकातल्या यादीपेक्षा कितीतरी जास्त समजतात. शंका आली की ग्रंथ उघडावा. ऐकणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत, ती एकाच वेळी केली पाहिजेत असे कोणी सांगितले?

यंत्राचा भाग थोडक्यात सांगता येईल, पण त्यातला एक धागा महत्त्वाचा आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला, आणि त्याच्या उपयोगांत अंधांसाठी बोलकी पुस्तके हा एक उपयोग त्याने लगेचच सांगून ठेवला. प्रत्यक्षात ती यायला १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी पूर्ण पुस्तके तबकड्यांवर मुद्रित झाली. ब्रिटनच्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ होती. तबकडी मुद्दाम हळू फिरवून एका बाजूवर पंचवीसेक मिनिटांचा मजकूर बसवला, तरी एका कादंबरीला दहाच्या आसपास तबकड्या लागत. तरीही गाळायचे नाही, हा त्यांचा नियम होता, कारण डोळसाला जे पुस्तक मिळते तेच अंधाला मिळाले पाहिजे. बाजारात कॅसेट आली तेव्हा हा नियम सुटला. तास-दीड तासात मावेल तेवढे घ्यायचे, उरलेले सोडायचे. मराठीत त्या काळात ऐकण्यासारखे पुष्कळ झाले. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन, पुलंचे एकपात्री प्रयोग, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला १९७४ मध्ये निघालेली ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका. यातले बरेच अस्सल आहे. पण हा निवडक वेच्यांचा काळ होता. अख्खा ग्रंथ ऐकण्याची सवय याच काळात मोडली. फोनने लांबीची अडचण संपवली. चाळीस तासांचे पुस्तक आता एका खिशात राहते, आणि २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती. चातुर्मासभर पुरेल एवढा ग्रंथ पुन्हा ऐकता येतो, हे या यंत्राचे खरे देणे आहे.

जे आलेले नाही ते म्हणजे बैठक. पुराणिकाला थांबवून विचारता येत असे, आवाजाला विचारता येत नाही. शेजारी बसलेल्याचा हुंकार नाही, समाप्तीचा दिवस नाही, काल काय झाले ते आज सांगणारे कोणी नाही. दीडपट वेगाने ऐकून महिन्यात अमुक इतकी पुस्तके संपवली असे सांगणाऱ्यांची मला काळजी वाटते ती यामुळेच. ओवीचा आखूड चौथा चरण ज्या उसंतीसाठी आहे तीच तिथे कापली जाते. पण ही उणीव भरून काढणे अवघड नाही, आणि त्यासाठी कुठल्या यंत्राची गरज नाही. ग्रंथालयांनी, महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी, अगदी चार घरांनी मिळूनसुद्धा एक ग्रंथ लावावा. आठवड्याला ठरलेला भाग प्रत्येकाने आपापल्या सवडीने ऐकावा आणि एक दिवस एकत्र बसून त्यावर बोलावे. छापील प्रत मध्ये असावी. भांडण झाले तर त्या प्रतीवर बोट ठेवून व्हावे. वारकरी सप्ताहांत पारायणाभोवती माणसे अजूनही जमतात. परदेशातली महाराष्ट्र मंडळे ज्या मुलांना मराठी बोलता येते पण देवनागरी वाचताना जड जाते, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय करू शकणार नाहीत.

आणि मुद्रण करणाऱ्यांकडे एक मागणी. ग्रंथ पूर्ण वाचा, कोणती आवृत्ती वाचली ते सुरुवातीला सांगा, गाळले असेल तर कुठे गाळले तेही सांगा, आणि पार्श्वसंगीताने मजकूर झाकू नका. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. फुले, हरिभाऊ आपटे, राजवाडे, लक्ष्मीबाई टिळक, केतकर, साने गुरुजी यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. सरदेसाई १९५९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांनी लिहिलेल्या मूळ रियासतीवर १ जानेवारी २०२० पासून कोणाचाही प्रताधिकार नाही. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून ध्वनिमुद्रित करायला आता कोणाची परवानगी लागत नाही.